धाबा, बाज आणि चांदण्या: लेकरांना आकाश कसं दाखवताय?

सातपुड्याखाली

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. झोके अजून निंबाला टांगलेले आहेत आणि आमच्याकडे रोज संध्याकाळी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पाणी मारून बाजा टाकायला सुरुवात झाली आहे. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. दोन वर्षांपूर्वी आम्ही नाशिक सोडून इथे राहायला आलो. लेक नऊ वर्षांची, जाऊबाईंचा मुलगा सहाचा. दोघं माझ्या दोन बाजूंना झोपतात आणि झोप लागेपर्यंत वर बघून प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांसाठी हा धागा.

सुरुवात झाली आठवडे बाजारातून परत येताना. पुतण्या स्कूटीवर माझ्या पुढे उभा होता. एकदम म्हणाला, "काकू, चांद आपल्या मागे मागे येतोय." घर येईपर्यंत त्याने मान वळवलेलीच होती. "तो खूप लांब आहे म्हणून तसं वाटतं" हे उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं, पण असं सांगितलं की पोर गप्प बसतं आणि त्याला कळत काहीच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच रस्त्याने त्याला पुन्हा नेलं. म्हटलं, आधी कडेच्या केळी बघ. त्या भराभर मागे पळत होत्या. मग म्हटलं, ती लांबची पाण्याची टाकी बघ. ती हळूहळू मागे सरकत होती. आणि सातपुडा? तो जागचा हलेचना. बराच वेळ तो काही बोलला नाही. आमच्या वळणावर आल्यावर म्हणाला, "म्हणजे चांद डोंगराच्या पण मागे आहे." चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. डोंगराच्या मागे, हे त्याचं त्याने काढलं. सहा वर्षांच्या मुलाला एवढं खूप झालं.

त्यानंतर माझी एक चूक झाली. मोबाइलवर आकाशाचं ॲप घेतलं. तीन रात्री दोघंही मोबाइल वर धरून धाब्यावर फिरत होती, पडद्यावरची नावं मोठ्याने वाचत होती. मला वाटलं, किती शिकताहेत! चौथ्या रात्री विचारलं, सप्तर्षी कुठे आहेत गं? लेकीने वर न बघताच मोबाइलसाठी हात पुढे केला. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मोबाइल खाली घरात राहतो.

आता आमचं असं चालतं. रोज रात्री आठ वाजता, धाब्याच्या त्याच कोपऱ्यात, निंबाकडे पाठ करून बसायचं. हात ताठ पुढे धरून मूठ मिटायची. ही मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. मुलांची मूठ लहान, पण त्यांचा हातही तेवढाच आखूड, त्यामुळे हिशोब जमतो. ध्रुव क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते लेकीने मोजलं. सातपुड्याची कड खालची थोडी जागा खाते, तिथे अंदाज करावा लागला. तिने वहीत लिहिलं: "ध्रुव, दोन मुठी आणि थोडं." मी अंगावर काटा आल्यासारखी बघत राहिले, कारण ध्रुव जेवढे अंश वर दिसतो तेवढाच त्या जागेचा अक्षांश असतो, आणि आपला खानदेश एकवीस अंशांच्या आसपास आहे. भूगोलाच्या पुस्तकातला आकडा पोरीने मुठीने मोजून आणला होता.

तुमच्याकडे काय चालतं? सहा वर्षांच्या मुलाला काय दाखवावं? दुर्बीण घ्यावी का? जुन्या लोकांना चांदण्यांची गावाकडची नावं आठवत असतील तर नक्की लिहा. आमचे आबा दोन-तीन नावं सांगतात आणि मग झोपी जातात.

पांझरेकाठचा

ताई, वाचून मनापासून बरं वाटलं. आम्ही धुळ्यात राहतो, गच्ची आहे, पण समोरच्या चौकात मोठा हायमास्ट लागलाय. मोजून वीस-पंचवीस चांदण्या दिसतात. मुलगा म्हणतो, पप्पा, पुस्तकातल्या आकाशगंगेचा फोटो खोटा आहे का? काय सांगू त्याला?

बोरीकाठचे आप्पा

पांझरेकाठचा, पोराला अमावस्येच्या आसपास एक रात्र गावी घेऊन जा. फोटो खरा आहे. आमच्या लहानपणी खळ्यात झोपायचो तेव्हा आकाशगंगा रोजची होती, तिचं कोणाला कौतुकही नव्हतं. मे महिन्यात ती उशिरा वर येते, मध्यरात्रीनंतर. पोराला तेव्हा उठवा, उद्या शाळा नाही.

नावांबद्दल विचारलंत ताई, तर माझ्या आजीकडची सांगतो. सप्तर्षींना ती बाज म्हणायची. चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागे ओळीने तीन चोर, बाज चोरायला निघालेले. "चोर आले का गं आजी?" असं आम्ही रोज विचारायचो आणि ती म्हणायची, "अजून बाजेजवळ पोचले नाहीत, झोपा." मृग नक्षत्राच्या पोटातल्या तीन चांदण्यांना तिकांडं म्हणायचे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण. पूर्वेला तिकांडं निघालं की थंडी आली समजायचं.

आणि एक. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाइट असते तेव्हा आम्ही पाण्याची बारी धरायला बाराला-एकला उठतो. थंडीत त्या वेळी तिकांडं बरोबर डोक्यावरून पश्चिमेला झुकायला लागलेलं असतं. माझे वडील घड्याळ न बघता सांगायचे, लाइट जायला आता किती वेळ उरला. पोरांना हे दाखवायचं असेल तर हिवाळ्यात शेतावर न्या. पण आमच्या भागात आता बिबट्या फिरतो, तेव्हा एकट्या पोराला मोकळ्यात उभं करू नका. धाबा सगळ्यात चांगला. विंचवासाठी बाजेखाली एकदा बॅटरी मारून घ्या.

खानदेशी सून

आमच्याकडे कृत्तिकांच्या पुंजक्यातल्या चांदण्या मोजायची पैज लागते. कोणाला सहा दिसतात, कोणाला सात. धाकट्याने एकदा अकरा सांगितल्या आणि आम्ही त्याला खोटं ठरवलं. मग त्याने कागदावर ठिपके काढून दिले, त्यातले नऊ बरोबर निघाले. तेव्हापासून मी मुलांच्या डोळ्यांवर शंका घेत नाही. त्याच्यासारखंच सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारी अरुंधती दिसते का ते विचारा. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात, तेव्हा भटजी बोट दाखवतात आणि सगळे "दिसली दिसली" म्हणतात. लहान मुलं मात्र दिसली तरच दिसली म्हणतात.

अंधारात डोळे सरावायला वीस मिनिटं तरी लागतात. मध्ये कोणी मोबाइल उघडला की सगळं परत पहिल्यापासून. बॅटरीवर पतंगाचा लाल कागद रबराने बांधून ठेवा, त्या उजेडात वही लिहिता येते आणि डोळेही बिघडत नाहीत.

धडगावचा मास्तर

मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवतो. इथे उलटं आहे. आकाश मला मुलांनी दाखवलं. घाटातल्या पाड्यांवर दिवे मोजके, रात्री वाट चालायची तर चांदण्यात. मुलांना तिथी पाठ नाही, पण आज चंद्र किती वाजता निघेल आणि वाट केव्हा दिसायला लागेल हे ती बिनचूक सांगतात. मी आधी त्यांना "चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो" असं फळ्यावर लिहून देत होतो. एक मुलगी म्हणाली, सर, रोज सारखा उशीर नाही होत, कधी कमी होतो, कधी जास्त. आम्ही वसतिगृहाच्या दारातून महिनाभर वेळ लिहून ठेवली. तिचं बरोबर होतं. पन्नास मिनिटं ही सरासरी आहे आणि मी ती नियमासारखी शिकवत होतो.

२३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं झाली होती. आम्ही सगळ्यांनी एका मोबाइलवर ते बघितलं आणि लगेच बाहेर धावलो, चंद्र कुठे आहे बघायला. सप्तमी होती, ढगांतून जवळजवळ अर्धा चंद्र दिसला. मुलांना वाटलं, काहीतरी हलताना दिसेल. पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही तिथे उतरलेला विक्रम लँडर दिसणार नाही हे ऐकून थोडी हिरमुसली. मग मी जमिनीवर मोठा गोल काढला आणि चंद्राच्या दक्षिण टोकाच्या अलीकडे खडा ठेवला, ६९ अंश दक्षिणेला. आजही कोरीचा चंद्र दिसला की कोणीतरी बोट दाखवतं, "सर, आपला खडा तिथे."

सहा वर्षांच्या मुलासाठी: चंद्राची कोर वहीत रोज काढायला लावा. नुसती कोर, बाकी काही नाही. टोकं कुठल्या बाजूला वळली आहेत ते नीट बघायला सांगा. पहिल्या आठवड्यात सगळी मुलं पुस्तकातल्यासारखा उभा चंद्र काढतात, दुसऱ्या आठवड्यात खरा काढायला लागतात. आपल्याकडे संध्याकाळची कोर होडीसारखी आडवी कललेली दिसते, पुस्तकात ती बहुतेक वेळा उभी असते.

सातपुड्याखाली

मास्तर, होडीचं अगदी खरं. आखाजीच्या संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली तेव्हा पुतण्या म्हणाला, "ही तर नाव आहे." आणि कोरीच्या पोटात उरलेला चंद्रसुद्धा फिकट राखाडी दिसत होता. लेक म्हणाली, उरलेल्या भागावर ऊन नाही तर तो दिसतो कसा? यावर मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत बसलो होतो. अंगणात ऊन पडलं होतं आणि त्याचा उजेड आतल्या छताच्या माळवदावर नाचत होता. तिला वर बघायला सांगितलं. छतावर ऊन नाही, तरी ते दिसतंय ना? तिने अंगणाकडे बघितलं, छताकडे बघितलं. "म्हणजे आपलं अंगण चंद्राला उजेड देतं?" होय, पृथ्वीवर पडलेलं ऊन परतून चंद्राच्या काळ्या भागावर जातं. तिचं वाक्य मी वहीत तिच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे.

गिरणामाय

दुर्बिणीबद्दल माझा अनुभव सांगते, कोणाचे पैसे वाचतील. मुलाच्या वाढदिवसाला ऑनलाइन दुर्बीण मागवली. खोक्यावर शनीच्या कड्यांचा झकास फोटो, आणि कित्येकशे पट मोठं दिसेल असं छापलेलं. तिपाई इतकी लेचीपेची की हात लावला की चंद्र उडी मारून बाहेर. मुलगा पंधरा मिनिटं झटला, मग रडायला लागला, म्हणाला मला येत नाही. त्याची काहीच चूक नव्हती. विकणाऱ्याने परत घेतली नाही. दुर्बीण कपाटावर गेली आणि मुलाने चार महिने आकाशाचं नाव काढलं नाही. मला अजून त्याचं दुःख आहे.

नंतर एका जाणकार सरांनी सांगितलं म्हणून साधा बायनॉक्युलर घेतला, १०×५० चा. पहिला आकडा किती पट, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. लहान मुलाला ७×५० जास्त सोपा, चित्र कमी हलतं. बाजेवर उताणं झोपायचं, कोपर छातीला टेकवायचे, म्हणजे हात स्थिर राहतो. आणि पौर्णिमेला बघू नका! सगळ्यांना वाटतं पौर्णिमेला चंद्र सगळ्यात छान दिसेल. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, चंद्र सपाट ताटासारखा दिसतो. अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर बघा. तिथे विवरांच्या कडा कशा उठून दिसतात! माझा मुलगा ओरडला, "आई, याला खड्डे आहेत!" तो चंद्र वर्षानुवर्षं बघत होता.

गुरू वर असेल तेव्हा भिंतीला टेकून बघा, शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतात. ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओने १६१० मध्ये हे चार पाहिले. रोज जागा बदलतात, मुलाने सलग आठ दिवस काढले आहेत. शनीची कडी मात्र बायनॉक्युलरमध्ये दिसत नाहीत, तेवढी आशा लावू नका. दिवसा बायनॉक्युलर कुलपात ठेवा. मुलाने चुकून सूर्याकडे धरला तर डोळा कायमचा जातो.

जळगावकर

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. बाज आणि चोर वगैरे गोष्टी छान आहेत, पण मुलांना आपण विज्ञान शिकवतोय की दंतकथा? आधीच पोरांच्या डोक्यात ग्रह म्हणजे साडेसाती आणि मंगळ म्हणजे लग्नाचं विघ्न असं भरलेलं असतं. सरळ खरं सांगावं: हे तारे आहेत, सूर्यासारखे, एकमेकांपासून प्रचंड लांब.

सातपुड्याखाली

जळगावकर, राग कशाचा? तुमची काळजी मलाही आहे. पण घडलं ते सांगते. आप्पांची बाज मी त्याच रात्री दोघांना सांगितली. ॲपने तीन रात्रींत जमलं नाही ते एका वाक्यात झालं, दोघांनाही बाज आणि तीन चोर लगेच सापडले. मग पुतण्याने हट्ट धरला की चोर बाजेपर्यंत पोचले का ते बघायला रात्री उठवायचं. बाराला उठवलं. बाज आठ वाजता जिथे होती तिथून सरकून उलटी व्हायला लागली होती, पण चोर आणि बाज यांच्यातलं अंतर जसंच्या तसं. ध्रुव मात्र आपल्या जागी. लेक म्हणाली, "सगळी बाजच फिरतेय, ध्रुवाच्या भोवती. चोर कधीच पोचणार नाहीत." आता "आपण फिरतोय" हे सांगायला माझ्याकडे जागा तयार झाली आहे. गोष्टीशिवाय तो बाराला उठलाच नसता.

साडेसातीबद्दल मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

केळीची बाग

साडेसातीवरून ग्रहणाची आठवण झाली. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री अकरापासून ऐंशी मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण चंद्र झाकलेला. भादव्याचे ढग होते, पण मधून मधून उघडत होतं. माझी मुलगी महिनाभर आधीपासून वाट बघत होती. आणि घरातल्या मोठ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. लेकरांनी बघायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी भांडले, पण त्या दिवशी माझं चाललं नाही. मुलगी खिडकीच्या फटीतून बघत होती आणि मला विचारत होती, "आई, लाल झाला का?" मी सांगितलं, तांबड्या मातीसारखा झालाय. तिने स्वतः बघायला हवा होता. मी उंबऱ्यावर उभी राहून सांगत होते, याची मला आजही लाज वाटते.

बोरीकाठचे आप्पा

केळीची बाग, पोरीला घेऊन एकदा चाळीसगावजवळ पाटणादेवीला जा. तिथे शके ११२८ मधला, म्हणजे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ उभारला, त्याचा तो लेख. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे. आणि त्या मठाला दान कधी दिलं? श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. तसं लेखातच कोरलं आहे.

म्हणजे आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी ग्रहणाच्या वेळी आकाशाचं शिक्षण देणाऱ्या शाळेला दान दिलं गेलं. भास्कराचार्य १११४ चे, सिद्धान्तशिरोमणी ११५० मधला. ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, हे त्यांना गणितासह माहीत होतं. घरातल्या मोठ्यांना विज्ञानाचं पुस्तक दाखवण्यापेक्षा हा शिलालेख दाखवा. देवीचं दर्शनही होईल, ते नाही म्हणणार नाहीत.

केळीची बाग

आप्पा, डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पाटणादेवीला तर जायचंच होतं." पावसाळ्यानंतर ठरवतो.

पुण्यातून

आम्ही फ्लॅटमध्ये, आजी-आजोबा रावेरला. आमच्या बाल्कनीतून फक्त पूर्व दिसते, त्यामुळे मुलीला चांदण्या फारशा मिळत नाहीत, पण चंद्र मिळतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी तो इमारतींमागून केवढा मोठा निघाला! ती ओरडत आली. मी म्हटलं, हात लांब करून करंगळीच्या नखाने झाक. झाकला गेला. दोन तासांनी वर आला तेव्हा लहान वाटत होता, पुन्हा करंगळीने झाक म्हटलं. तेवढाच! ती माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच काहीतरी लबाडी केली. मग आजीला फोन लावला आणि आजीलाही रावेरच्या ओट्यावर करंगळी धरायला लावली. आजी पंचाहत्तरची आहे. म्हणाली, "बाई गं, खरंच की." मोठा चंद्र डोळ्यांचा भास आहे, हे त्या रात्री दोघींना एकदम कळलं.

आजीनेच मग एक शिकवलं. महिन्याचं नाव आणि पौर्णिमेचा चंद्र. चैत्रात पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ, वैशाखात विशाखेजवळ, कार्तिकात कृत्तिकांजवळ, माघात मघेजवळ. मी चाळीस वर्षं ही नावं घेतोय आणि कधी वर बघितलं नव्हतं. चंद्राच्या उजेडात तारे पुसट होतात, चंद्र हाताने झाकून बघावं लागतं. मुलगी आता कार्तिकाची वाट बघतेय.

पांझरेकाठचा

सांगायला आलो. अमावस्येच्या दुसऱ्या रात्री साक्रीकडे मामाच्या गावी नेलं. साडेबाराला उठवलं. मुलगा काही बोलला नाही, नुसता माझा हात घट्ट धरला. मग म्हणाला, "फोटोत पांढरी आहे, ही तर धुरासारखी आहे." त्याला धुरासारखीच जास्त आवडली. पहाटेपर्यंत झोपला नाही. आप्पा, तुमचे उपकार.

सातपुड्याखाली

दीड महिन्याने धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आप्पांनी तिकांडं लिहिलं त्यानंतर लेकीने ते रोज आठ वाजता मोजायचं ठरवलं. आखाजीनंतरच्या आठवड्यात पश्चिमेला अडीच मुठी वर होतं. मेच्या सुरुवातीला दोन मुठींना थोडं कमी. नऊ मेच्या पानावर सव्वा मूठ लिहिलं आहे, आणि शेजारी पुतण्याने तीन ठिपके काढून एकाला पाय जोडलेत. सोळा मेला मूठभरसुद्धा नाही. त्यानंतर धूळ आणि उन्हाळ्याचा धुरकट संधिप्रकाश. तेवीस तारखेला तिने लिहिलं: "दिसलं नाही. गेलं." आणि वही दप्तरात टाकली. मला वाटलं कंटाळली.

मृगाच्या दिवशी आबा सकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "मिरुग लागना." ढग जमा झाले होते, घरात कापसाच्या लागवडीची बोलणी चालू होती. या नक्षत्राचं वाहन कोल्हा आहे की बेडूक यावर शेजाऱ्यांशी चर्चा झाली. पुतण्या आबांच्या मागे लागला: "मिरुग लागला तर दाखवा." आबा म्हणाले, "बेटा, तो पाऊसना मिरुग शे, तो दिखत नही." पुतण्या ऐकेना. मृग म्हणजे त्या तीन चांदण्यांचाच ना? मग लागला तर दिसत का नाही?

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि उत्तर देणार होते. तेवढ्यात लेक दप्तरातून वही घेऊन आली. सगळी पानं उलटून तिने आबांना दाखवली. अडीच मुठी, दोनला कमी, सव्वा, मूठभर नाही, गेलं. मग शेवटच्या पानावर, जमिनीच्या रेषेखाली, तिने पेन्सिलीने सूर्य काढला आणि त्याच्या शेजारी तीन ठिपके. म्हणाली, "आबा, मृग सूर्याकडे गेलाय. सूर्य त्याच्या घरी आहे. म्हणून मृग लागला म्हणतात. आता तो सूर्याबरोबर दिवसा उगवतो, उजेडात कसा दिसणार?"

आबांनी चष्मा मागवला. वही हातात घेतली, पुन्हा पहिल्या पानापासून बघितली, बोटाने एकेक आकडा मोजत. सत्तर पावसाळे पाहिलेला माणूस. थंडीतलं तिकांडं त्यांना माहीत होतं, पेरणीचा मृग माहीत होता. दोन्ही एकच, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी लेकीला विचारलं, "मंग ते परत कधी निघी वं?"

लेक म्हणाली, दुसऱ्या बाजूने निघेल, पूर्वेला, पहाटे. पण कधी ते तिला माहीत नाही, आणि हिशोबाने सांगायची मलाही हिंमत होईना. आता दोघं, आजोबा आणि नात, उठायची तारीख ठरवताहेत. पावसाळ्यात आकाश केव्हा उघडेल याचा नेम नाही. आप्पा, तुम्हीच सांगा, कधीपासून उठवू?

बोरीकाठचे आप्पा

जुलैच्या शेवटी पहाटे पाचच्या आत निघालेलं असतं, पण ढग बघू देणार नाहीत. पोळ्याला कसंही बैल धुवायला चारला उठावंच लागतं. तेव्हा पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, चांगलं वर आलेलं असेल. आबांना सांगा, मीही त्या पहाटे आमच्या धाब्यावर असेन. आणि पोरीला म्हणावं, किती मुठी आलं ते इथे लिही.